वीस-चाळीस

आईच्या गाडीखाली सध्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला असतो. रात्रीतून त्यावर तेलाचे थेंब पडतात. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरलेली आई एक हात गुडघ्यावर ठेवून वाकते, मोबाइलचा टॉर्च मारून पुठ्ठा बघते आणि नवा थेंब दिसला की त्याच्याभोवती बॉलपेनने गोल काढून शेजारी तारीख टाकते. एकोणतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला पुठ्ठाही लेजरसारखाच दिसणार.

गाडी म्हणजे मारुती झेन. २००१ ची, पांढरी, नंबर अर्थातच ठाण्याचा, एमएच ०४. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि देशभरातून लाखाहून जास्त कर्मचारी बाहेर पडले, त्यात आईही होती. वय पन्नास. हातात आलेल्या पैशातून तिने आधी घराचं उरलेलं कर्ज फेडलं, काही एफडीत टाकले आणि उरलेल्यातून, तोवर साधी लुनाही चालवलेली नसताना, मोटार घेतली. बाबा जन्मभर स्कूटरवाले. "चालवणार कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. तीन महिन्यांनी आई त्यांना शेजारी बसवून गोखले रोडवरून नेत होती आणि बाबा दोन्ही पाय रोवून नसलेले ब्रेक दाबत होते.

झेन ही त्या काळातली मोठी गोड गाडी. १९९३ ला आली, २००६ पर्यंत निघत राहिली. ९९३ सीसीचं, पूर्ण ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन. इथे बनलेल्या झेन युरोपात सुझुकी आल्टो या नावाने विकल्या गेल्या, हे सांगताना आई अजूनही जरा ताठ बसते. पहिली दहा-बारा वर्षं या गाडीने बरेच घाट पाहिले. गणपतीपुळे, कोयनानगर, दर मे महिन्यात सातारा. आता आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर तिने स्वतः चालवणं सोडलं, आणि आठवड्यातून दोनदा मी कोलशेतहून नौपाड्यात जाऊन तिला तिच्याच गाडीतून फिरवून आणते. कौपिनेश्वर, पाचपाखाडीतले डॉक्टर, राम मारुती रोडवरची खरेदी. एका फेरीत चार किलोमीटर झाले तर डोक्यावरून पाणी. सगळं धरून गाडी वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर चालते.

जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, मी ती सर्व्हिसिंगला टाकली. आईचा नेहमीचा मिस्त्री लावणीसाठी गावी गेला होता, म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. काचेची केबिन, एसी, कॉफीचं मशीन आणि हातात टॅब घेतलेला एक तरुण. "मॅडम, जुनी गाडी आहे, फुल सिंथेटिकच टाकू या. फाइव्ह डब्ल्यू थर्टी. दहा हजार किलोमीटर बघायला नको. आणि आधी फ्लश मारू, आतली सगळी घाण निघून जाईल." मी हो म्हणाले. कुणी 'आतली घाण' म्हटलं की मी हो म्हणतेच. दातांच्या डॉक्टरकडेही माझं हेच होतं.

बिल बघून आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. तेलाची किंमत तिच्या नेहमीच्या डब्याच्या दुपटीहून जास्त, शिवाय फ्लशचे वेगळे. "मला विचारायचंस तरी," एवढंच ती म्हणाली. पण वहीत नोंद करताना रकमेखाली तिने दोन रेघा मारल्या, त्या मी पाहिल्या.

गाडी मात्र छान चालू लागली, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी स्टार्ट केल्यावर पहिली पाच-दहा सेकंदं टॅपेटचा जो टकटकाट व्हायचा तो जवळजवळ गेला. तीन आठवडे मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. मग खाली डाग दिसायला लागले.

सोसायटीने आवारात पेव्हर ब्लॉक गेल्याच वर्षी बसवलेत, आणि त्या ब्लॉकांवर कमिटीचा जीव आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली: 'काही वाहनांमधून तेलगळती होत असल्याचे निदर्शनास आले आहे.' सोसायटीच्या भाषेत 'काही वाहने' म्हणजे एकच वाहन असतं आणि ते कुणाचं हे वॉचमनच्या पोरालाही ठाऊक असतं. आईने त्याच संध्याकाळी पुठ्ठा आणून टाकला.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकला ही दुसरी चूक. पुण्याचा भाऊ म्हणाला, जुन्या गाडीत सिंथेटिक टाकायचंच नसतं, सील खातं ते. माझ्या मुलाने तीन व्हिडिओंच्या लिंका पाठवल्या आणि सिंथेटिक हेच अमृत, बाकी सगळं रॉकेल, असा निकाल दिला. नवऱ्याचं मत, तेल ते तेल. साताऱ्याच्या मामांनी सगळ्यांवर कडी केली: "एरंडेल घाला." दोन दिवस हे एरंडाचं गुऱ्हाळ चाललं.

गंमत म्हणजे मामांच्या थट्टेत इतिहास निघाला. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे एरंडेलावरून पडलेलं. चार्ल्स वेकफिल्ड या इंग्रज व्यापाऱ्याने १८९९ मध्ये वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं नवं तेल या नावाने विकायला आणलं. उष्णतेत एरंडेल धातूला चिकटून राहतं, पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांच्या विमानांतही तेच असे, आणि ती इंजिनं वापरलेलं तेल हवेत फवारून देत. ते नाकातोंडात जाऊन वैमानिकांचं पोट बिघडायचं. महिन्यातून एका रविवारी सकाळी एरंडेल प्यायलेल्या आमच्या पिढीला त्या वैमानिकांच्या यातना समजावून सांगायला नकोत.

मामांना मी हे कळवलं तर ते म्हणाले, यात नवीन काय? आजोबांच्या बैलगाडीला मागे वंगणाचा नळा टांगलेला असायचा. बांबूचं पेर, आत काळं तेल आणि चिंधी गुंडाळलेली काडी. चाक कुरकुरायला लागलं की आसाला दोन बोटं वंगण. कुठलं तेल, कोणत्या कंपनीचं, हे आजोबांनी कधी कुणाला विचारलं नसावं. ते फक्त कुरकुर ऐकत.

मला तेवढ्यावर भागवता येणार नव्हतं, कारण नोटीस माझ्या नावावर होती. मी तेलाच्या डब्याची मागची बाजू वाचायला बसले.

आईच्या नेहमीच्या तेलाला गॅरेजात कुणी ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टी म्हणत नाही. 'वीस-चाळीस' म्हणतात, पलीकडच्या टपरीवर 'बीस चालीस'. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतला. वीसचं तेल उणे १५ अंशांना इंजिन फिरू देण्याइतपत पातळ राहतं का ते तपासतात, पाचचं उणे ३० ला. येऊरच्या पायथ्याशी पारा पंधरावर आला तरी आमच्याकडे शाली निघतात. उणे तीसचं सर्टिफिकेट ठाण्यात मिरवायला ठीक आहे. तरी इतकं खरं, की पाचचं तेल आपल्या साध्या सकाळीही वीसपेक्षा पातळ असतं, वरच्या टॅपेटपर्यंत लवकर पोचतं. आईच्या गाडीचा टकटकाट गेला तो यामुळे.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला. शंभर अंशांना तेल किती दाट राहतं ते तो सांगतो. तीसचं तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये बसतं, चाळीसचं १२.५ ते १६.३ मध्ये. एकक सोडून द्या. चाळीस दाट, तीस पातळ, आणि चोवीस वर्षांच्या इंजिनात जिथे कुठे फट असेल तिथून पातळ तेल आधी वाट काढणार. ठाण्यातल्या जुन्या घरांत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको; पावसाचं पाणी स्लॅबमध्ये नवी भेग पाडत नाही, असलेली शोधून काढतं.

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या तरुणाने मला एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी विकल्या होत्या. तेल कशापासून बनलंय ही एक, ते किती पातळ आहे ही दुसरी. मिनरलही पातळ मिळतं आणि सिंथेटिकही पंधरा-पन्नास मिळतं. 'सिंथेटिक गळतं' म्हणणारे आणि 'सिंथेटिक अमृत' म्हणणारे, दोघेही या दोन गोष्टींची गाठ मारून भांडत होते.

आता ते बनतं कशापासून. मिनरल तेल खनिज तेलातून गाळून, शुद्ध करून काढतात. आपल्याकडे त्याचं मोठं ठिकाण मुंबईतच आहे. माहुलला, हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत, देशातला सगळ्यात मोठा वंगणतेलाचा कारखाना आहे. या तेलातले रेणू म्हणजे लग्नाच्या पंगतीला बसलेली माणसं. लहान, मोठी, जाडी, बारीक, सगळी एका ओळीत. इंजिन तापलं की बारके रेणू वाफ होऊन उडून जातात, गारठ्यात मोठे आखडतात. खरं सिंथेटिक रसायनशाळेत जुळवून बनवतात, त्यातले रेणू कवायतीला उभ्या केलेल्या एनसीसीच्या पोरांसारखे एका मापाचे. म्हणून ते उष्णतेत कमी उडतं, थंडीत कमी आखडतं आणि उशिरा बिघडतं. यात खोटं काही नाही.

पण 'सिंथेटिक' या शब्दाची एक भानगड आहे. खनिज तेलालाच जबर दाबाखाली हायड्रोजन देऊन त्याचे रेणू मोडून-जोडून घेतले, की सिंथेटिकच्या जवळपास जाणारं तेल मिळतं. त्याला सिंथेटिक म्हणायचं का, यावर मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली होती. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला, आणि तेव्हापासून दुकानातल्या कितीतरी 'फुल सिंथेटिक' डब्यांत जमिनीतून निघालेलंच तेल असतं, चांगलं शिकलेलं. 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' असं समोर ठळक छापलेलं दिसलं तर ते अजून वेगळं. त्यापेक्षा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'एपीआय'पुढे, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या नावापुढे, कोणती दोन अक्षरं आहेत ते बघावं. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं; दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा अलीकडचा. जुन्या गाडीला जुनंच अक्षर लागतं असं काही नाही. कोपऱ्यातल्या दुकानात अजून एसएफवाले डबे धूळ खात असतात, ते तिथेच राहू द्यावेत.

सिंथेटिक सील खातं, हे भावाचं म्हणणं खोटं नव्हतं, शिळं होतं. सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिक तेलाने रबराची सीलं आकसायची. मग त्यात रबर किंचित फुगवणारी एस्टर मिसळायला लागले आणि तो प्रश्न केव्हाच मिटला. मी हे ग्रुपवर लिहिलं. भावाने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ आमच्या घरात 'पटलेलं नाही' असा होतो.

एवढा अभ्यास करूनही पुठ्ठ्यावरचे गोल काही थांबेनात. आणि मला जे कळायला हवं होतं ते शेवटी स्वयंपाकघरात कळलं.

गौरींच्या फराळाचं तळण चालू होतं. आई स्टुलावर बसून करंज्या सोडत होती, मी कागदावर काढत होते. तेलाचं माझं पुराण तिने निमूट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तो मुलगा दहा हजार किलोमीटर म्हणाला ना? आपली गाडी वर्षाला हजार. म्हणजे तेच तेल दहा वर्षं? तोवर मी चौऱ्याऐंशीची." झाऱ्याने कढईच्या तळाचा करपलेला चुरा काढत ती पुढे म्हणाली, "हे बघ. सारण सांडतं, पिठी झडते, ते खाली बसून जळतं. त्यात तेलाचा काय दोष? शेंगदाण्याचं असो नाहीतर सूर्यफुलाचं, चौथ्या घाण्याला दोन्हींची तोंडं काळी."

आई तळणीचं तेल दुसऱ्यांदा तळायला घेत नाही. गाळून स्टीलच्या किटलीत ठेवते, फोडणीला वापरते आणि आठवड्यात संपवते. संपलं नाही तर टाकते, वास आला नसला तरी. हॉटेलवाल्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून नियम लागू केला की तेलातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. वास येण्याआधीच तारखेवर तेल टाकण्याची पद्धत आईने कधीपासून ठेवली, तिलाही आठवत नाही. गाडीचंही तसंच. वही उघडून पाहिली तर २००२ पासून दरवर्षी एकच नोंद: दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, 'तेल वीस-चाळीस, फिल्टर, मजुरी'. किलोमीटरचा रकाना आहे, पण तो नुसता माहितीसाठी. बावीस-तेवीस वर्षं हा शिरस्ता चालला, आणि तो मोडून जूनमध्ये काचेच्या केबिनीत गेले ती मी.

मिस्त्री जुलैतच परत आला होता. मीच तोंड दाखवायला टाळत होते. गणपती आटोपल्यावर गेले. वागळे इस्टेटमध्ये बावीस नंबरच्या रोडजवळ एका शेडमध्ये त्याचं गॅरेज आहे; दोन गाड्या आत, चार बाहेर. त्याने बॉनेट उघडलं आणि दुसऱ्या न्हाव्याने कापलेले केस बघावेत तसं इंजिनाकडे बघितलं.

"कुठे नेली होती ताई?"

मी सांगितलं. तो काही बोलला नाही. तेल घालायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय जमलेली, दूध उतू जाण्याआधी येते तशी. मी घाबरले, हेड गॅसकेट गेलं की तेलात पाणी मिसळून असं होतं, हे मी वाचलं होतं. त्याने रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी हिरवं, स्वच्छ, पातळी जागेवर. डिपस्टिकवरचं तेल काळपट पण साफ. "गॅसकेट ठीक आहे. गाडी गरमच होत नाही तुमची. मावशींना देवळात सोडता, बंद करता, परत आणता, बंद करता. पाणी सुटतं आत, ते जाणार कुठे?"

हे पाणी पावसाचं नव्हे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जातं. सकाळी नळीच्या टोकाशी थेंब दिसतात ते तेच. थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली, तेल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतं. तेल नीट तापलं तर ते उडून जातं. चार किलोमीटरच्या फेरीत तेल तापत नाही, आणि त्यात न जळलेलं पेट्रोलही मुरतं. "काटा मध्यावर येतो की," मी म्हटलं. "तो काटा पाण्याचा, तेलाचा नाही. तेल मागाहून तापतं." चोवीस वर्षं मी तो काटा बघत होते.

मग त्याने इंजिनाच्या मागच्या अंगाने हात खाली सरकवला आणि ओला बाहेर काढला. "सगळे सांगतात क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा. हे बघा, वरून येतंय." टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग. तिथून झिरपलेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत गिअरबॉक्सच्या सांध्याशी येऊन टपकत होतं, म्हणून खालून बघणाऱ्याला इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं ते सील गेल्यासारखं वाटायचं. कव्हर उचललं तेव्हा पॅकिंग खारी बिस्कीट मोडावी तसं तुकड्यातुकड्यांनी निघालं. रबर होतं, यावर विश्वास बसू नये इतकं कडक. हे वर्कशॉपच्या तेलाने दोन महिन्यांत झालेलं नव्हतं. उन्हाळ्यामागून उन्हाळे त्याचा पापड होत आला होता. दाट तेल आणि कडेला जमलेला चिकटा यांनी ती फट कशीबशी बुजवून धरली होती. फ्लशने चिकटा धुऊन नेला आणि पातळ तेलाला रस्ता मोकळा झाला.

फ्लशबद्दल तो खरा चिडला. "घाण निघते म्हणतात. निघून जाते कुठे? चेंबरमध्ये. तिथे पंपाची जाळी असते." मला पटलेलं दिसेना म्हणून त्याने चेंबर उतरवला. जाळी माझ्या तळहातावर ठेवली. चहाचा चोथा गाळणीत अडकतो तसे काळे कण, काही मोहरीएवढे, आणि जाळीचा तिसरा हिस्सा बुजलेला. अजून थोडं साचलं असतं तर ऑइलचा लाल दिवा लागला असता, आणि तो दिवा लागल्यावर दोन मिनिटं जरी गाडी चालवली तरी बेअरिंगपासून सगळं काम निघतं. मी जाळी त्याच्या हातात परत दिली. बोटं पुसायला त्याने जुना बनियन पुढे केला.

"मग सिंथेटिक वाईट का?" मी शेवटी विचारलंच. तो हसला. बाहेर उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीकडे हात केला. "त्याच्यात तेच टाकलंय. रोज महापेला जाते, शनिवारी पुण्याला. तुमच्यात टाकलं तरी इंजिन नाही म्हणणार नाही. पण वर्षात काढून टाकायचंय ना? मग कशाला?"

माझंही आता हेच मत आहे. तेल महाग असतं ते जास्त दिवस टिकतं म्हणून, जास्त उष्णता सोसतं म्हणून. आईची गाडी त्याला टिकायची संधीच देत नाही. पाणी आणि पेट्रोल तेलात मुरतं तेव्हा डब्यावर काय छापलंय ते विचारत नाही. हीच झेन कुणी रोज घोडबंदरच्या मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये तासतास एसी लावून उभी करत असेल किंवा दर आठवड्याला घाट चढवत असेल, तर जुनी आहे म्हणून सिंथेटिकला भिऊ नये. आधी पॅकिंग तपासावं, मग त्याच दाटपणाचं सिंथेटिक घ्यावं. माझ्या स्वतःच्या गाडीत पुस्तिकेत लिहिलेलं पातळ सिंथेटिकच जातं आणि जात राहील. मुलाला एवढं सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे मी बरोबर होतो. भावाचंही तेच म्हणणं पडलं. असो.

नवरात्रात काम झालं. नवं पॅकिंग, धुतलेली जाळी, फिल्टर, साडेतीन लिटर वीस-चाळीस. क्रँक सीलही किंचित पाझरतंय, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्यात अर्थ नाही असं मिस्त्री म्हणाला. आत सुटलेली घाण अजून निघत राहील म्हणून हे तेल सहा महिन्यांनीच काढायचं, मग पुन्हा दसऱ्याच्या दसऱ्याला. आणि पंधरा दिवसांतून एकदा गायमुखपर्यंत नाहीतर ऐरोली पुलावरून पलीकडे, अर्धा-पाऊण तास न थांबता पळवायची. आई आपणहून आली होती. तेल ओतून झाल्यावर तिने रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने भोकं पाडून घेतली, समोरच. रिकामे डबे विकत घेऊन त्यात भलतंच तेल भरून विकणारे असतात, म्हणून ती गेली वीस वर्षं हे करते आणि मिस्त्री दर वेळी मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर देतो. फाटकाच्या बिजागरीसाठी तिला थोडं जळकं ऑइलही हवं होतं. ते घातक कचऱ्यात मोडतं, ड्रममध्येच राहू दे, असं मी म्हटलं. कोकणात वाळवीसाठी वाशांना तेच लावतात, असं दोघं एकदम म्हणाले. औषधाच्या छोट्या बाटलीत थोडं मिळालं.

येत्या वर्षी गाडीला पंचवीस पूर्ण होतील आणि नोंदणीचं नूतनीकरण येईल. वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ती फी ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाली. भाऊ म्हणतो भंगारात द्या. आई त्यावर "बघू" म्हणते. हे 'बघू' तिने काउंटरच्या मागून हजारो लोकांना ऐकवलेलं आहे.

दसऱ्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर आई खाली वाकलेलीच होती. जुने गोल तेलात भिजून एकमेकांत मिसळले होते, तारखाही पुसट. नव्या तारखेचा एकच थेंब, वाटाण्याएवढा, गोल नीट काढलेला. पुठ्ठा आता बदलायचा का, म्हणून मी विचारलं. तिने टॉर्च चारी कोपऱ्यांवर फिरवला.

"अजून जागा आहे," ती म्हणाली.